धाकट्या गियरची पूजा

"किती देते?"

घर बघायला म्हणून आलेल्या आप्पासाहेब सातवांचा हा पहिला प्रश्न. धायरीच्या त्या बंगल्याला तीन मजले होते, जिन्याला ग्रॅनाइट होता, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मासे फिरत होते. आप्पासाहेबांनी यातल्या कशाकडेही बघितलं नाही. ते पोर्चमध्येच थांबले, तिथल्या काळ्या, धिप्पाड, चारही चाकांवर ओढणाऱ्या गाडीकडे त्यांनी बोट केलं आणि पियुषच्या डोळ्यांत बघितलं.

पियुषला प्रश्न आधीच फुटलेला होता. हिंजवडीच्या ऑफिसात भाग्यश्री त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. दोघांचं दीड वर्षापूर्वीच ठरलं होतं, आता फक्त दोन्ही घरांनी ठरवायचं बाकी होतं. तिने त्याला आठवडाभर पढवलं होतं.

"बाबा पगार विचारणार नाहीत. पत्रिका मागणार नाहीत. फक्त ॲव्हरेज विचारतील. आणि प्लीज, ‘कधी मोजलं नाही’ असं म्हणू नकोस. मागचा मुलगा तेवढ्यावर गेला."

"तेवढ्यावर?"

"बाबा म्हणाले, ज्याला आपली गाडी किती खाते ते माहीत नाही, त्याला आपली बायको जेवली की नाही ते कधी कळणार?"

आप्पासाहेबांनी गाड्या तपासणाऱ्या एका संस्थेत बत्तीस वर्षं नोकरी केली होती, तीही दुचाकी विभागात. दोनापेक्षा जास्त चाकं असणं हा त्यांना गाडीचा माज वाटे. निवृत्त होऊन वाघोलीत रो-हाउस घेतल्यावर त्यांनी आधी स्कूटरचं ॲव्हरेज काढलं आणि मग वास्तुशांत केली.

तर पियुषला प्रश्न माहीत होता. अडचण उत्तराची होती. खरं उत्तर होतं साडेपाच.

"बारा," पियुष म्हणाला.

त्याचे वडील दत्तोबा पोकळे शेजारीच उभे होते. त्यांना खरा आकडा पाठ होता, कारण दर तिसऱ्या दिवशी डिझेल भरायला तेच जायचे. पण पोराने चारचौघांत आकडा टाकल्यावर बापाने मागे राहायचं म्हणजे काय?

"बारा तर कुठंबी ग्येली तरी," दत्तोबा म्हणाले. "सिंहगडाकडं तोंड केलं की तेरा."

"वा," आप्पासाहेब म्हणाले. "रविवारी बघू. टाकी फुल करायची, पानशेतला जाऊन यायचं, टाकी परत फुल करायची. किलोमीटर भागिले लिटर. बारा आले तर साखरपुड्याचं बोलू."

"आन न्हाई आलं तर?" दारातून पियुषच्या आईने, सोजरबाईंनी विचारलं.

"तर पोहे छान झाले होते," आप्पासाहेब म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. पोहे अजून यायचे होते.

*

ही गाडी दोन वर्षांपूर्वी आली होती. रानात इमारती उभ्या राहिल्या, बिल्डर एक दिवस असल्याच गाडीतून आला, आणि दत्तोबांनी दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा एक इंच उंच गाडी घेतली. गाडीत गियरचे दांडे दोन होते. शोरूमच्या माणसाने दुसऱ्याबद्दल बरंच काही सांगितलं, पण दत्तोबा त्या वेळी हॉर्न वाजवून बघत होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच उलगडा केला. "ह्यो थोरला गियर आन ह्यो धाकटा. थोरला मोडला तर धाकटा हायेच. स्टेपनी असती न्हाई का, तसं."

दसऱ्याला सोजरबाईंनी गाडीची साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटला हार, चाकांखाली लिंबं, स्टिअरिंगला कुंकू. थोरला गियर सारखा हलतो, म्हणून देवाचा मान धाकट्याला मिळाला. त्याला लाल फडकं बांधायचं, वरून झेंडूचा हार घालायचा. हार नीट बसेना म्हणून त्यांनी गियर जरा मागे ओढला. आत कुठेतरी ‘खट्‌’ झालं.

"पावला," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून धाकट्या गियरला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

त्या दिवसापासून गाडी चाळीसच्या वर जात नव्हती हेही खरं. पण सिंहगड रस्त्यावर चाळीसच्या वर कुणाची जाते? वळताना ती हिसके द्यायची. दत्तोबा म्हणायचे, "दमाची हाय." आवाज पिठाच्या गिरणीसारखा करायची. दत्तोबा म्हणायचे, "ताकद हाय." आणि म्हशीसारखं डिझेल प्यायची, त्यावर दत्तोबा काहीच म्हणायचे नाहीत.

*

पियुष इंजिनिअर होता, म्हणून त्याने गाडीचं पुस्तक न उघडता इंटरनेट उघडलं. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या इंधन जास्त का पितात, यावर कुणा भल्या माणसाने मुद्देसूद लिहून ठेवलं होतं. पियुषने ते ऑफिसात छापून घेतलं. ऑफिसात नुकतीच झाडं वाचवायची मोहीम निघाली होती, त्यामुळे प्रिंटर कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापत असे. पियुषने पुढची बाजू वाचली. बारा मुद्दे होते. बारा मुद्दे, बारा ॲव्हरेज. त्याला तो शकुन वाटला आणि त्याने कागद उलटला नाही.

सोमवारी टायरमध्ये हवा भरली. कमी हवेने गाडी जड ओढते असं लिहिलं होतं, म्हणून त्याने इतकी भरली की गाडी बंगल्यासमोरच्या स्पीडब्रेकरवर चेंडूसारखी उडाली आणि दत्तोबांचं डोकं छताला लागलं. मंगळवारी टपावरचं कॅरिअर आणि चार सर्चलाइट काढले, कारण वाऱ्याला आडवं येईल ते सगळं डिझेल खातं. बुधवारी एअर फिल्टर काढून झटकला. त्यातून एक चिमणीचं पीस आणि धायरीचा बराचसा मुरूम निघाला. गुरुवारी वजन.

"स्टेपनी काढली, जॅक काढला," पियुष म्हणाला. "मागच्या सीटखाली युरियाची दोन पोती होती, आण्णा!"

"आसूं दे की. गाडीला बूड पायजे," दत्तोबा म्हणाले.

"आपण रान विकून तीन वर्षं झाली!"

"म्हून तर गाडीत ठिवलीत. दुसरीकडं कुठं ठिवू?"

शुक्रवारी रात्रीचं जेवणही त्याने बंद केलं. वजनाचा मुद्दा सरसकट होता, त्यात ड्रायव्हर वगळा असं कुठे लिहिलं नव्हतं.

शनिवारी त्याने हिशेब केला. इतकं सगळं केल्यावर गाडी नऊ तरी देईलच. पानशेतला जाऊन यायचे बासष्ट किलोमीटर, म्हणजे सात लिटर लागणार. वाटेत कुणाच्या नकळत दोन लिटर टाकीत ओतले, तर शेवटी पाचच भरावे लागतील. बासष्ट भागिले पाच, बारा पूर्णांक चार. खोटं बोललं तरी वर पूर्णांक चार असावेत, म्हणजे खरं वाटतं. त्याने कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली डिझेलने भरली आणि सॅकमध्ये ठेवली.

*

रविवारी सकाळी पियुष बाहेर आला तेव्हा गाडीत महिपतीमामा बसला होता.

महिपतीमामा म्हणजे सोजरबाईंचा धाकटा भाऊ. वजन एकशे नऊ किलो, चपला सोडून. म्हणजे स्टेपनी, जॅक आणि युरिया मिळून जेवढं उतरवलं होतं, तेवढं अंगठी-घड्याळ घालून परत चढलं होतं.

"मामा, तू कुठं?"

"आरं, सोयरिकीचं काम हाय. मामा नसल तर लोक काय म्हंतील?"

"लोक नाहीयेत रे तिथे. पाणी आहे नुसतं."

"मंग पान्याला तरी कळू दे, मामा हाय म्हून."

सोजरबाई आल्या त्या थर्मास, भाकरींची दुरडी आणि लोखंडी तवा घेऊन. तवा कशाला, हे पियुषने विचारलं नाही. विचारण्यात ताकद जाते आणि ताकदीला जेवण लागतं.

आप्पासाहेब भाग्यश्रीसह धायरी फाट्यावरच्या पंपावर उभे होते. हातात डायरी. कॉक आपोआप बंद झाल्यावर पंपवाला नळी काढायला लागला, तसे ते म्हणाले, "थांबा. गाडी हलवा."

"काय?"

"टाकीत हवा अडकते. हलवा. हे कोण? मामा का? फारच उत्तम."

महिपतीमामाने मागून गाडीला असा काही झोका दिला की आणखी दीड लिटर गेलं. डिझेल झाकणापर्यंत दिसायला लागल्यावर आप्पासाहेबांनी गाडीला एक चक्कर मारली. आत डोकावून धाकट्या गियरचा हार बघितला, आणि डायरीत लिहिलं: ‘पूजा: आहे.’

*

बाहेर मे महिना होता. एसी डिझेल खातो म्हणून बंद. उघड्या काचांनी वारा अडतो म्हणून काचा वर. नांदेड फाट्यापर्यंत सहा जणांची भाजी शिजली.

"काच उघडू का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नको काका. ॲव्हरेज."

आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पियुषविषयी आदर दिसला. तो घामातून दिसला, पण दिसला. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि काचेकडे पुन्हा बघितलं नाही.

पियुष अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबत होता. गाडी मात्र गिरणीसारखी गरजत पस्तिसाने चालली होती. खडकवासल्याला सगळे धरणाकाठी भजी खायला उतरले. "मी जरा टायर बघतो," म्हणून पियुष मागे राहिला. सॅकमधली बाटली काढून टाकीत उलटी केली. घळघळ आवाज झाला तो लपवण्यासाठी तो मोठ्याने खोकत राहिला. परत आला तर भाग्यश्रीने ताटली पुढे केली.

"भज्यांना डिझेलचा वास येतोय," आप्पासाहेब म्हणाले.

"धरणाची हवा, काका," पियुष म्हणाला.

पानशेतला पोचल्यावर दत्तोबा गाडीपाशीच घुटमळले. "तुमी व्हा फुडं. माझं गुडघं भरून आल्यात," म्हणाले. सोजरबाई पाण्यात पाय सोडून बसल्या आणि महिपतीमामाने भाकरी सोडली. थोड्या वेळाने दत्तोबा आले ते हात मागे बांधून. धोतराच्या सोग्यावर ओला डाग होता.

"काय सांडलं, आण्णा?"

"पानी."

"पिवळं?"

"पानशेतचं पानी हाय. तू तुजं बघ."

भाग्यश्री मात्र पाण्यापाशी फार थांबली नाही, एकटीच गाडीकडे परतली. घामाने तिची ओढणी पिळायची वेळ आली होती. वारा घालायला काही मिळतं का म्हणून तिने गाडीचा पुढचा कप्पा उघडला, तर आत पियुषचा कागद. तिने तो पंख्यासारखा हलवला. हलवताना त्याची मागची बाजू तिच्यासमोर आली, आणि तिथे तेरावा मुद्दा होता.

तेराव्या मुद्द्यात लिहिलं होतं की वरचे बारा मुद्दे किरकोळ आहेत. खरं कारण गियरचा दुसरा दांडा. तो चिखलातून, चढातून गाडी बाहेर काढायला असतो. साध्या रस्त्यावर तो मागे अडकलेला राहिला तर गाडी चारही चाकांनी रांगते आणि दुप्पट पिते. सोबत चित्र होतं.

भाग्यश्रीने चित्राकडे बघितलं. मग लाल फडक्याकडे बघितलं. मग लांबवर पाण्यात पाय सोडून बसलेल्या भावी सासूबाईंकडे बघितलं. हाराला धक्का न लावता, पाकळी न पाडता तिने धाकटा गियर हळूच पुढे सरकवला.

खट्‌.

"जाताना मी चालवू?" तिने विचारलं.

*

परतीच्या वाटेवर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. आवाज नाही, हिसका नाही. चाळीस, पन्नास, साठ. दत्तोबा सीट धरून बसले. दोन वर्षांत त्यांनी या गाडीतून साठ बघितला नव्हता.

"आगं बया," सोजरबाई म्हणाल्या. "धाकटा पावला!"

"धाकटा न्हाई आक्का, सून पावली," महिपतीमामा म्हणाला. "पायगुन म्हंत्यात त्यो ह्योच."

पियुषला हा आपल्या बारा मुद्द्यांचा परिणाम वाटला. काहींना उशिरा गुण येतो.

वाटेतल्या एका देवळापाशी मामाने गाडी थांबवायला लावली. सगळे दर्शनाला गेले, मामा म्हणाला, "मी हितनंच हात जोडतो." परत आल्यावर भाग्यश्रीने गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डकडे बघत राहिली.

"काका, डिझेलचा काटा वर गेलाय."

"चढाला तसं दावतो," दत्तोबा आणि मामा एकदम म्हणाले. गाडी उतारावर होती.

"मला थोडा चहा मिळेल का?" आप्पासाहेबांनी विचारलं. "थर्मास भरलेला होता."

"सांडला," मामा घाईने म्हणाला.

"कधी?"

"सकाळच्याला."

आप्पासाहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. पियुषने मान लांब करून वाचायचा प्रयत्न केला. त्यांनी डायरी मिटली.

*

धायरी फाटा. तोच पंप, तोच कॉक. बासष्ट किलोमीटर. पियुष आकड्यांकडे बघत होता. पाच, देवा. फक्त पाचवर थांबव.

आकडा एकवर गेला. पावणेदोन. दोन. खट्‌. बंद.

"हलवा," आप्पासाहेब म्हणाले.

मामाने हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. दोन थेंब बाहेर आले. टाकी काठोकाठ होती.

आप्पासाहेबांनी भागाकार केला. मग कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा केला. मग खिशातून कॅल्क्युलेटर काढला. बत्तीस वर्षांत त्यांना भागाकाराला कॅल्क्युलेटर लागला नव्हता.

"एकतीस," ते म्हणाले.

एकतीस तर त्यांची स्कूटरसुद्धा देत नव्हती.

"मी जरा हवा बघतो," पियुष म्हणाला आणि हवेच्या यंत्रामागे गेला. तिथे दत्तोबा आणि मामा आधीच उभे होते.

"आण्णा, तुम्ही टाकीत काही ओतलं?"

"दोनच लिटर. पोराची जबान राखायची का न्हाई? पानशेतला."

"मी खडकवासल्याला दोन ओतले!"

दोघांनी मामाकडे बघितलं. मामा थर्मास छातीशी धरून उभा होता.

"आक्कानं सांगितलं, पोरगं आडकलंय म्हून," तो म्हणाला. "ह्याच्यात दोन बसलं."

सहा लिटर. गाडी नेहमीसारखी चालली असती तर अकरा प्यायली असती, सहा वरून पडले असते, पाच भरावे लागले असते आणि उत्तर अचूक बारा पूर्णांक चार आलं असतं. तिघांची लबाडी एकमेकांना न सांगता इतकी बेमालूम जुळली होती की तिचा हेवा वाटावा. सगळा घोळ दिवसभरातल्या एकमेव प्रामाणिक कामाने केला होता. ते काम करणारी भाग्यश्री आता हसू दाबत त्यांच्या मागे उभी होती. तिने कागदाची मागची बाजू पियुषच्या नाकासमोर धरली.

"म्हणजे गाडी खरंच बारा देते?" वाचून झाल्यावर पियुष म्हणाला.

"हो. तू खरं बोलला होतास, शहाण्या. तुला माहीत नव्हतं एवढंच."

"मग जाऊन सांगू?"

"काय सांगणार? की तुझं सगळं घर डिझेलच्या बाटल्या घेऊन सहलीला आलं होतं?"

तेवढ्यात आप्पासाहेब आले. मामाने थर्मास पाठीमागे लपवला. आप्पासाहेबांनी पियुषच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकतीस देणारी गाडी दारात आहे," ते म्हणाले, "आणि मुलगा बारा सांगतो. दत्तोबा, इतका विनय मी आजवर एकाही गाडीवाल्यात बघितला नाही."

"वळन घरचं हाय," दत्तोबा म्हणाले.

*

लग्न दिवाळीनंतर झालं. धाकटा गियर पुढेच राहिला. सोजरबाईंना कुणी काही सांगितलं नाही, हार बदलायचा तेवढा भाग्यश्रीने स्वतःकडे घेतला. गाडी मुकाट बारा द्यायला लागली आणि गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती.

पण आप्पासाहेबांनी स्कूटर विकली आणि तशीच गाडी घेतली.

"बारा," दुसऱ्याच रविवारी त्यांचा फोन आला. आवाज खचलेला होता. "पियुषराव, तीनदा मोजलं. माझी बाराच देते. तुमची एकतीस. माझं काय चुकतंय?"

"बाबा, आमची... आमची जरा वेगळीच आहे."

"विज्ञानात ‘जरा वेगळी’ असं काही नसतं," म्हणून आप्पासाहेब डायरी घेऊन धायरीला आले. दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. टायर मोजले, हवा मोजली, फिल्टर हुंगला. सगळं सारखं. शेवटी आत डोकावले आणि बराच वेळ डोकावून राहिले. दोन गाड्यांत फरक एकच होता. आयुष्यभर सत्यनारायणाच्या प्रसादाचंसुद्धा वजन विचारणारा तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "विहीणबाई, ते... त्या गियरचं तुम्ही नक्की काय करता?"

सोजरबाई या प्रश्नाची दोन वर्षं वाट बघत होत्या. पियुष आणि भाग्यश्री ऑफिसातून घरी येईपर्यंत वाघोलीच्या गाडीला लाल फडकं बांधून झालं होतं, कुंकू लागलं होतं, आणि हार नीट बसेना म्हणून गियर जरा मागे ओढून झाला होता.

पुढच्या रविवारी फोन आला. "सहा," एवढंच ऐकू आलं.

भाग्यश्रीने पियुषकडे बघितलं. पियुषने छताकडे बघितलं. शनिवारी दोघं झेंडूचा ताजा हार घेऊन वाघोलीला गेली. भाग्यश्रीने बाबांना चहाला आत नेलं, पियुषने जुना हार काढला, नवा घातला आणि धाकटा गियर हळूच पुढे ढकलला. मिटलं एकदाचं, असं म्हणून दोघं घरी आली.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"पियुषराव, बारा!" आप्पासाहेबांचा आवाज पुन्हा तरुण झाला होता. "सहाचे बारा! मी सगळं लिहून ठेवलंय. पूजेआधीचे बारा धरायचे नाहीत, तेव्हा गाडी देवाची नव्हती. हार शिळा असला की सहा, ताजा असला की बारा. म्हणजे एका ताज्या हाराला सहा वाढतं."

"हो का, बाबा?"

"हो. तेव्हा एकतीसपर्यंत जायचं तर आणखी तीन हार लागतील," आप्पासाहेब म्हणाले, "आणि वर थोडी सुटी फुलं. मी मंडईत निघालोय. पूजा सांगायला विहीणबाईंना तयार राहायला सांगा."